छोट्या युनिटची अंतर्गत समिती: कशी नेमली, किती खर्च आला

आमच्या चित्रपटाच्या बजेटमध्ये मुहूर्ताच्या नारळापासून जनरेटरच्या डिझेलपर्यंत सगळ्याला रकाना होता. सेटवर एखाद्या बाईला कुणी त्रास दिला तर तिने जायचं कुणाकडे, यासाठी एक पैसा धरलेला नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये माझा भागीदार आणि मी ते बजेट पुन्हा एकदा कापत बसलो होतो, आणि १९ तारखेला केरळमध्ये न्यायमूर्ती हेमा समितीचा अहवाल खुला झाला. २०१७ साली नेमलेल्या या समितीने डिसेंबर २०१९ मध्येच तो सरकारला दिला होता. मधली साडेचार वर्षं तो कपाटात होता. अहवाल मल्याळम चित्रसृष्टीत काम करणाऱ्या बायकांच्या परिस्थितीचा. पण आउटडोअरला बायकांसाठी संडास नसतो म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत, हे वाचल्यावर मला माझीच असिस्टंट म्हणून काढलेली वर्षं आठवली. कोरड पडलेल्या घशाने मी कितीतरी कॉल शीट, म्हणजे दिवसाच्या कामाची वेळापत्रकं, वाटल्या आहेत.

थोडं आमच्याबद्दल. मी पुण्याची. बरीच वर्षं सहायक म्हणून काम केल्यावर हा माझा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. दिग्दर्शन माझं, निर्मिती आम्हा दोघांची, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था) करून. कायम पगारावर तीन माणसं. शूटिंग फेब्रुवारी २०२५ मध्ये वाईच्या आसपास, युनिट चाळीस-पन्नास जणांचं. मोठ्या निर्मिती संस्थांकडे एचआर असतं, वकील असतात. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कायद्याचं नाव लांबलचक आहे: कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ (प्रतिबंध, मनाई आणि निवारण) अधिनियम, २०१३. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून बोलताना सगळे पॉश म्हणतात. ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाने लेखी आदेश काढून अंतर्गत समिती नेमायची. माणसं दहाच्या आत असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.

भागीदाराचा पहिला मुद्दा अपेक्षितच होता. ‘आपले तर तीनच लोक आहेत. बाकी सगळे फ्रीलान्स.’ हे वाक्य मी नंतर बऱ्याच निर्मात्यांच्या तोंडून ऐकलं. म्हणून सांगते, मूळ कायदा एकदा स्वतः वाचा. ‘इंडिया कोड’ या सरकारी संकेतस्थळावर तो फुकट आहे आणि एका दुपारी वाचून होतो. ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत रोजंदारीवरचे, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेले, पैसे न घेता शिकायला आलेलेसुद्धा धरलेले आहेत. म्हणजे लाइटमन, स्पॉटदादा, ज्युनिअर आर्टिस्ट, कॉलेजमधून आलेली इंटर्न, सगळे. ‘कामाच्या ठिकाणा’त कामानिमित्त जावं लागणारी प्रत्येक जागा येते आणि मालकाने दिलेलं वाहनही येतं. वाईचा वाडा, आमचं लॉज आणि पुण्याहून पहाटे निघणारी टेम्पो ट्रॅव्हलर, तिन्ही आलं. शिवाय केरळमधल्या ‘विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह’ या चित्रपटातल्या बायकांच्या संघटनेच्या याचिकेवर तिथल्या उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की चित्रपटाचं प्रत्येक निर्मिती युनिट ही एक आस्थापना आहे आणि तिथे समिती हवीच. निकाल केरळचा असला तरी कायदा केंद्राचा, तोच आपल्यालाही लागू.

भागीदार तरी कुरकुरत होता. शेवटी मी म्हटलं, ‘समिती नेमली नाही तर पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि समिती त्याहून स्वस्तात होईल.’ मग त्याने रकाना उघडला. न्यायाच्या गोष्टी मी आधी तासभर सांगितल्या होत्या, त्याचं काय झालं कोण जाणे.

समितीची रचना कायद्याने ठरवून दिली आहे. अध्यक्षपदी वरिष्ठ पदावरची बाई. कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य. स्वयंसेवी संस्थेतली किंवा या विषयाची जाण असलेली एक बाहेरची व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका. कागदावर हे सोपं वाटतं. मग मी माझ्या युनिटची यादी समोर घेतली. कॅमेरा पुरुष, ध्वनी पुरुष, कला दिग्दर्शन पुरुष, संकलन पुरुष. एका बाईने चालवलेल्या युनिटची ही अवस्था! वरिष्ठ म्हणाव्यात अशा बायका दोन, एक मी आणि दुसऱ्या वेशभूषाकार ताई. मी निर्माती, म्हणजे मालक, म्हणजे समितीत मला जागा नाही. माझ्याविरुद्धची तक्रार तर जिल्ह्याकडेच जायला हवी. राहिल्या ताई.

ताईंनी लगेच होकार दिला नाही. ‘मी कपडे बघू की लोकांची भांडणं?’ हा वरवरचा प्रश्न होता. चहा झाल्यावर खरं काय ते बाहेर आलं. ‘उद्या एखाद्या मोठ्या माणसाविरुद्ध निकाल द्यावा लागला तर परवा मला काम कोण देईल?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आपल्या धंद्यात पुढचं काम तोंडी शिफारशीवर मिळतं, आणि समितीवर बसणाऱ्या बाईला पुढच्या निर्मात्यापासून वाचवणारं कलम कुठल्याही कायद्यात मला सापडलेलं नाही. मी एवढंच करू शकले की त्यांच्या करारात समितीच्या कामाचं वेगळं मानधन आणि वेळ लिहिला, आणि समितीचा निर्णय सर्वांच्या सहीने जाईल, एकट्या अध्यक्षांच्या नाही, असं आदेशातच नमूद केलं. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, ‘घाल माझं नाव.’

आतले सदस्य निवडताना माझा एक हट्ट होता. सगळे खातेप्रमुख नकोत. रोजंदारीवरची मुलगी कॅमेरामन सरांकडे तक्रार घेऊन जाणार नाही, हे मला सहायकाच्या दिवसांपासून पक्कं माहीत आहे. म्हणून प्रॉडक्शन मॅनेजरशिवाय एक अनुभवी लाइटमन दादा आणि आमच्या हेअरड्रेसर घेतल्या. दादांना संघटनेच्या कामामुळे कागदपत्रांची सवय होती. हेअरड्रेसर ताई मेकअपही उत्तम करतात. मग आयुष्यभर केसच का केले? कारण मेकअप कलाकारांच्या संघटनेत बायकांना मेकअपचं सभासद कार्डच मिळत नसे, फक्त हेअरड्रेसरचं मिळे. सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली ती नोव्हेंबर २०१४ मध्ये. तोवर त्यांची निम्मी कारकीर्द झाली होती.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो बाहेरच्या सदस्याने. सप्टेंबरपासून शोधत होते. एका संस्थेने वार्षिक कॉर्पोरेट पॅकेज सांगितलं, पाऊण लाखाचं. दुसरीकडून स्वतःचा लोगो छापलेला नमुना आदेश आला आणि ‘बाकी फक्त सह्या करा’ असा निरोप. नियमांमध्ये बाहेरच्या सदस्याला चौकशीच्या कामासाठी दिवसाला २०० रुपये भत्ता आणि प्रवासखर्च एवढाच हक्क लिहिलेला आहे, पण त्या दरात अनुभवी माणूस सातारा जिल्ह्यात येईल अशी अपेक्षा करू नये. दिवाळीनंतर एका निवृत्त प्राध्यापक बाईंचं नाव मिळालं. समाजकार्य शिकवायच्या, अनेक महाविद्यालयांच्या समित्यांवर काम केलेलं. पोस्ट प्रॉडक्शन संपेपर्यंत २५,००० रुपये आणि प्रवासखर्च असं ठरलं.

पहिल्या भेटीत बाईंनी कायद्याचा शब्दही काढला नाही. सेटवरून सगळ्यात शेवटी कोण निघतं, त्या बायका घरी कशा जातात, लॉजवर खोल्या कोण वाटतं, कपडे बदलायला आडोसा काय, हे विचारत गेल्या आणि मी लिहीत गेले. मग त्यांनी एक प्रश्न टाकला, ‘शूटिंग संपलं की तुमची समिती संपते का?’

कामाचा मुद्दा हाच आहे, म्हणून नीट सांगते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. तेवढ्या काळात करता आली नाही यामागे सबळ कारण असेल तर समिती ती मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशीला नव्वद दिवस. चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल, आणि त्यावर मालकाने साठ दिवसांत कारवाई करायची. आता हिशेब करा. पॅकअपच्या, म्हणजे शूटिंग संपण्याच्या, दिवशी काही घडलं तर त्याचं कामकाज पुढे वर्षभर चालू शकतं, आणि तोवर युनिट चार वेगवेगळ्या सेटवर पांगलेलं असतं. शूटिंगपुरती नेमलेली समिती म्हणजे नुसता देखावा. आम्ही २ डिसेंबर २०२४ रोजी काढलेल्या आदेशात समितीची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंत ठेवली. कायद्यात सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, तेव्हा यात अडचण नव्हती. प्रत्येक सदस्याकडून ‘चित्रपटातलं माझं काम संपल्यावरही समितीच्या बैठकांना उपलब्ध राहीन’ असं लिहून घेतलं.

आदेश एका पानात बसतो. लेटरहेड, तारीख, कायद्याचा संदर्भ, सदस्यांची नावं, हुद्दे, फोन, तक्रारीसाठीचा ईमेल, मुदत आणि मालकाची सही. तो ईमेल निर्मिती कार्यालयाच्या खात्यातला ठेवू नका. आमचा पासवर्ड फक्त अध्यक्ष आणि बाहेरच्या सदस्य बाईंकडे आहे, माझ्याकडेही नाही.

त्यानंतर करार. कलाकार आणि तंत्रज्ञांच्या करारात एक परिच्छेद वाढवला. गाड्यावाले, लाइटवाले, केटरर आणि ज्युनिअर आर्टिस्ट पुरवणारे को-ऑर्डिनेटर यांच्या पत्रातही तोच घातला, कारण बाहेरच्या माणसाने त्रास दिला तरी बाईला मदत करण्याची जबाबदारी मालकाचीच असते. को-ऑर्डिनेटर म्हणाले, ‘मॅडम, माझ्या पोरींना कशाला घाबरवताय?’ त्यांच्याकडून सही आणायला प्रॉडक्शन मॅनेजरला बरेच हेलपाटे पडले.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्राच्या शी-बॉक्स पोर्टलचं नवं रूप ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस आलं. खासगी आस्थापनांना तिथे आपल्या समितीची नोंद करता येते. कंपनीची माहिती आणि सदस्यांचे फोन-ईमेल हाताशी ठेवून बसा. आमचं काम एका अनपेक्षित जागी अडलं. लाइटमन दादांना ईमेलच नव्हता. तो उघडून दिला आणि मोबाइलवर कसा बघायचा तेही दाखवलं.

जानेवारीत पुण्यातल्या तालमीच्या हॉलवर दोन तासांची कार्यशाळा झाली. बाईंनी १२,००० रुपये घेतले. खातेप्रमुख आले, कलाकार आले, दोन-तीन जण फोन बघत मागे बसले. कायद्यात लैंगिक छळ कशाला म्हणतात ते त्यांनी आमच्याच भाषेत सांगितलं: नको असलेला स्पर्श आणि लगट, शरीरसुखाची मागणी, तसले शेरे, अश्लील चित्रं-व्हिडिओ दाखवणं, आणि नकोसं वाटणारं तशा प्रकारचं दुसरं कुठलंही वागणं, मग ते बोलून असो वा खुणेने. एका फोकस पुलरने (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणाऱ्या सहायकाने) विचारलं, ‘म्हणजे आता मिठी मारून गुड मॉर्निंगपण करायचं नाही?’ बाई म्हणाल्या, ‘कॅमेरामन सरांना रोज मारता का?’ हॉल हसला. मागच्यांनी फोन खाली ठेवले.

त्याच दिवशी दोन गोष्टी ठरल्या. कॉल शीटचा व्हॉट्सॲप ग्रुप फक्त कॉल शीटसाठी, रात्रीचे विनोद बंद. आणि पटकथेतल्या एका जवळिकीच्या प्रसंगाबद्दल आधीच लेखी टिपण करायचं. त्यात त्या वेळी सेटवर कोण असेल, मॉनिटर कोण बघेल, कॅमेऱ्यात काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे दोन्ही कलाकारांशी बसून लिहिलं. ऐनवेळी नको वाटलं तर थांबवायचा हक्कही त्यात लिहिला. मला धास्ती होती की याने प्रसंगातला जीव जाईल. उलट तो प्रसंग ठरलेल्या वेळेच्या आधी संपला, कारण कुणी बिचकत नव्हतं.

एक अडचण मात्र कार्यशाळेने सुटली नाही. रोजंदारीची बरीच माणसं वाईतच लागणार होती, ती पुण्याच्या हॉलवर कुठून येणार? म्हणून मुहूर्ताच्या सकाळी वाड्याच्या चौकात सगळ्यांना उभं करून वीसेक मिनिटं बोलायचं ठरवलं. लाइटमन दादाच बोलले. मी बोलले असते तर ते मॅडमचं भाषण झालं असतं. कार्यशाळा म्हटलं की फक्त पगारी मंडळींचा विचार होतो, तेवढं टाळा.

समितीचा आदेश आणि लैंगिक छळ केल्यास कायद्याने होणाऱ्या परिणामांची माहिती दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. आम्ही मराठी आणि हिंदीत लहान फ्लेक्स करून घेतले. बाईंनी सुचवलं की दर्शनी जागेवर लावाच, पण एकेक फ्लेक्स बायकांच्या संडासाच्या दारावर आतून लावा. चारचौघांत त्या नंबरचा फोटो काढायची हिंमत होत नाही, आत निवांत काढता येतो. जेवणाच्या मांडवात, लॉजच्या जिन्यात आणि गाडीत सीटच्या पाठीमागेही लावले. छपाई, झेरॉक्स, फाइल मिळून चार-साडेचार हजार.

संडास म्हणजे फिरत्या टॉयलेटची गाडी आणि कपडे बदलायचा बंदिस्त तंबू. याचं भाडं मी समितीच्या खर्चात धरत नाही. जनरेटरसारखीच ती युनिटची मूळ गरज आहे. व्हॅनिटी होती, पण ती कलाकारांसाठी, आणि वेशभूषेच्या सहायक मुलीला तिथे जायला संकोच वाटतो हे कुणी मुद्दाम विचारल्याशिवाय कळत नाही. रात्री उशिरा सुटणाऱ्या बायकांसाठी शेवटची गाडी ठरलेली असे. ती लॉजवर पोचल्याचा मेसेज आल्याशिवाय प्रॉडक्शनचं माणूस झोपायचं नाही. यावरून थोडी चिडचिड झाली, विशेषतः रात्रीच्या शिफ्टच्या आठवड्यात.

तक्रार आली तर काय करायचं याची तालीम समितीने बाईंबरोबर आधीच केली होती. तक्रार लेखी हवी, सहा प्रतींत. लिहिता येत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम. सात कामकाजी दिवसांत ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याला प्रत द्यायची, त्याने दहा कामकाजी दिवसांत उत्तर द्यायचं. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य बसले पाहिजेत. वकील आणता येत नाही. तक्रार करणाऱ्या बाईने स्वतःहून मागितला तर समेट करता येतो, पण पैशांच्या बदल्यात नाही. ‘आपसात काहीतरी देऊन मिटवू या’ हे आपल्याकडे फार लवकर सुचतं, म्हणून हे वाक्य आम्ही ठळक छापून फाइलच्या पहिल्या पानावर लावलं.

तक्रार आली का, हे मला सगळेच विचारतात. सांगणार नाही. कायद्याच्या सोळाव्या कलमानुसार तक्रारीचा मजकूर, संबंधितांची ओळख, चौकशीचं कामकाज यातलं काही बाहेर सांगता येत नाही. आणि पन्नास जणांच्या युनिटमध्ये नुसतं ‘आली’ म्हटलं तरी लोक अंदाज बांधायला बसतात. ‘नाही आली’ असं अभिमानाने सांगणाऱ्या निर्मात्यांकडेही मी जरा संशयानेच बघते. आकडा शून्य असण्याचं कारण नंबर कुणाला माहीतच नव्हता, हेही असू शकतं.

मार्च २०२५ मध्ये पॅकअप झालं. मानधनाच्या शेवटच्या हप्त्याबरोबर प्रत्येकाला एक मेसेज गेला: समिती अजून आहे, नंबर हे, मुदत अमुक तारखेपर्यंत. एडिटिंगची खोली आणि डबिंगचा स्टुडिओ हीही कामाचीच ठिकाणं, म्हणून तिथेही एकेक फ्लेक्स नेऊन लावला. स्टुडिओच्या मालकांनी ‘हे कशाला?’ विचारलं, आणि आठवड्याने स्वतःच्या समितीसाठी बाईंचा नंबर मागून घेतला.

शेवटचा टप्पा वार्षिक अहवालाचा. कॅलेंडर वर्षाचा अहवाल समितीने मालकाला आणि जिल्हा अधिकाऱ्याला द्यायचा असतो. बहुतेक जण ३१ जानेवारी ही तारीख धरतात. त्यात आलेल्या तक्रारी, निकाली काढलेल्या, नव्वद दिवसांहून जास्त रेंगाळलेल्या, घेतलेल्या कार्यशाळा आणि केलेली कारवाई, एवढे आकडे असतात. नावं नसतात. अहवाल एका पानाचा, पण तो घ्यायचा कुणी यावर एका जिल्ह्याच्या कार्यालयात मला या टेबलावरून त्या टेबलावर बरंच फिरावं लागलं. चित्रपट म्हटल्यावर तर एकाने परवानगीच्या खिडकीकडे पाठवलं. आमची नोंदणी एका जिल्ह्यात आणि शूटिंग दुसऱ्यात, त्यामुळे दोन्हीकडे दिला. आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसतं ‘ठेवून जा’ म्हणाले तर थांबा.

सगळं धरून, टॉयलेटची गाडी सोडता, खर्च पन्नास हजारांच्या आत राहिला. आदेश, कार्यशाळेची हजेरीपत्रकं, फ्लेक्सचे फोटो आणि शिक्क्याची प्रत एकाच फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवली आहे. मध्यंतरी चित्रपट दाखवायला घेणाऱ्या एका कंपनीच्या कागदपत्रांच्या यादीत समितीचा आदेश होता, तेव्हा तोच फोल्डर पाठवला. त्यांनी उलट विचारलं ते फक्त एवढंच, की आदेश शूटिंगच्या आधीच्या तारखेचा आहे ना.